गावाकडे दहा गुंठे आहेत, देशी रंगझाडं लावून त्यावर कापडाचं काम चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्स्टाईल डिझाईन शिकलात, पुण्यात नोकरी आहे, भोरजवळ घरची दहा गुंठे जमीन पडून आहे. तिथे रंग देणारी देशी झाडं लावायची, त्यांच्याच रंगात कापड रंगवायचं आणि हळूहळू नोकरी सोडायची. हे जमेल का, आणि बाग नि कला दोन्हींना वेळ पुरतो का?

मी मुळशीकडे राहते. जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या शिवते, काही भिंतीवर लावायच्या, काही अंगावर घ्यायच्या. कापड घरीच रंगवते. घराभोवती इथलाच झाडझाडोरा राखलाय. म्हणजे तुम्हाला जे करायचंय त्याच्या जवळपासचंच माझं चाललंय.

देशी झाडं जरूर लावा, पण रंगासाठी लावू नका. रंगाचा माल बाजारातून आणा.

हिशेब करून बघा. पळसाच्या फुलांचा पिवळा काढायचा तर सुकी फुलं निदान कापडाच्या वजनाइतकी घ्यावी लागतात, गडद हवा असेल तर दुप्पट. एक सुती साडी अर्धा किलोच्या आसपास भरते. पळसाची ओली टोपलीभर फुलं सुकली की तळाला जातात. बरं, बी लावल्यापासून पळस फुलायला कित्येक वर्षं घेतो. हिरड्याचंही तेच. आणि हिरडा तर प्रत्येक सुती कापडाला लागतो, कारण त्यातल्या टॅनिनशिवाय, म्हणजे तुरट द्रव्याशिवाय, सुतावर रंग धरून ठेवणारी तुरटी नीट बसत नाही. एवढा हिरडा दहा गुंठ्यांत पिकवायला निघालात तर साठीत पहिली साडी रंगवाल. काष्ठौषधीच्या दुकानात तो किलोवर मिळतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. ओळख काढून थेट त्यांच्याकडून घेता आला तर उत्तमच, पैसेही योग्य घरी जातात.

लालाची गोष्ट आणखी अवघड. आपल्याकडचे चांगले लाल मुळांत असतात, मंजिष्ठ काय किंवा बारतोंडी काय. बारतोंडीला काही भागांत आल म्हणतात. मध्य भारतात एके काळी आलीची शेती व्हायची. तीन-चार वर्षांचं झाड मुळासकट उपटायचं, मुळांची साल काढायची. 1869च्या सुमारास युरोपात अलिझरिन हे लाल रंगद्रव्य कारखान्यात बनू लागलं आणि ही शेती पुढच्या काही दशकांत आटली. ओडिशात कोरापुट जिल्ह्यातल्या कोटपाडचे विणकर आजही आलीचा लाल वापरतात. त्यांचं कापड हातात घेतलंत तर कळेल, तो लाल ओरडत नाही, विटकरीकडे झुकलेला असतो. पण तुम्ही हौसेनं लावलेली, पावसाळ्यानंतर पावसाळा जपलेली बारतोंडी एका साडीसाठी उपटाल का? मला नाही जमत. माझी बारतोंडी बांधावर उभी आहे, तिची पांढरी फुलं पाडव्यानंतर वास सोडतात, आणि मी मंजिष्ठ विकत आणते.

मग बागेतून कापडाला मिळतं तरी काय? मिळतं, फक्त आपण योजलेलं नसतं.

टाकळ्याचं बघा. कुणी लावत नाही, पहिल्या पावसात आपोआप उगवतो. कोवळा असताना भाजी (लसूण जरा सढळ हातानं घाला), दिवाळीच्या आसपास शेंगा वाळतात. हे बी निळीच्या माठाला लागतं. दक्षिणेत निळीचे माठ आंबवायला टाकळ्याचं बी उकडून घालायची जुनी पद्धत आहे, सोबत चुन्याची निवळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. माठ आंबला की त्यातले जिवाणू तिला विरघळण्याजोगं रूप देतात, पाणी पिवळट हिरवं होतं, वर तांबूस-निळी साय धरते. कापड बाहेर काढलं की आधी हिरवट दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. वास मात्र गोठ्यासारखा, तेव्हा माठ स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. नीळ मी विकत घेते, टाकळा घरचा.

दुसरा साग. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे गावाकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. तेच पान हिरडा-तुरटी केलेल्या कापडावर पालथं ठेवून, वर दुसरं कापड घालून लाकडी हातोडीनं ठोकलं की जांभळट ठसा उमटतो, शिरांसकट. लोखंडाच्या पाण्यातून काढला की करडा होतो. हे पाणी करायला गंजके खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून दोनेक आठवडे ठेवायचं. पण जपून वापरा. हिरडा आणि लोखंड मिळून जो काळा रंग होतो तो वर्षं जातील तसं सूत खातो. संग्रहालयांतली जुनी छापील कापडं नीट बघा, अनेकदा काळ्या रेघांच्या जागी नुसत्या चिरा उरलेल्या असतात.

पण माझ्या कामात बाग खरी शिरली ती रंगातून नाही. पाऊस ओसरताना सागावर एक बारीक अळी पडते. ती शिरांमधला हिरवा भाग तेवढा खाते आणि शिरांची जाळी तशीच सोडते. अख्खं झाड करपल्यासारखं दिसतं, शेजारी येऊन फवारणीचा सल्ला देतात. अशा पानातून ठशासाठी रंग मिळत नाही. ते पान उजेडासमोर धरलं तेव्हा दिसलं की जाळीतला एकही चौकोन दुसऱ्यासारखा नाही, तरी सगळी वीण घट्ट. गोधडीचा धावदोरा आपण समांतर घालतो, बाहेरून आत, चौकोनात चौकोन. मी तो सोडून मधल्या शिरेपासून निघून फाटे फोडत घालायला लागले. टाका तोच, आजीचाच, फक्त रस्ता बदलला. गेल्या काही वर्षांतलं माझं बहुतेक काम त्यातून आलंय, आणि औषध मारलं असतं तर ते पान मला दिसलं नसतं. झाडाला पुढच्या पावसात नवी पालवी येतेच.

म्हणून म्हणते, रंगाची यादी समोर ठेवून लावलेल्या बागेत तुम्हाला यादीतलंच दिसेल. पळस फुलला, तोडा. धायटी फुलली, ओरबाडा. धायटीच्या लाल फुलांवर फेब्रुवारीत शिंजीर पाखरं तुटून पडतात. ती झुडपं त्यांच्यासाठी सोडा. खाली पडलेली फुलं वेचली तरी आपल्या छंदापुरतं भागतं. पळसाचंही मी सडाच उचलते. त्याचा पिवळा चुन्याच्या निवळीत भगवा होतो, फार देखणा, पण उन्हात टिकत नाही. पारिजातकाच्या देठांचा केशरी तर त्याहून नाजूक. असा रंग विकताना गिऱ्हाईकाला तोंडावर सांगा की हा उडणार. काही जण तरीही घेतात, उलट जास्त प्रेमानं घेतात.

देशीपणाचा हट्ट मी बागेत धरते, रंगाच्या पातेल्यात नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंडईबाहेर त्याचे ढीग पडलेले असतात, ते पोत्यानं आणून वाळवते. पिवळा पक्का, फुकट, आणि कचऱ्याच्या गाडीत जाणारा. डाळिंबाची सालं रसवाल्याकडून. यात कमीपणा काही नाही.

आता वेळेचं. दोन्हींना वेळ पुरतो का यापेक्षा दोन्ही एका दिवशी होत नाहीत, हे धरून चाला. आपल्या भागात जून ते सप्टेंबर कापड वाळत नाही, ओलं राहिलं की बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. हिरड्यात बुडवलेल्या कापडाला तर कडकडीत ऊन लागतं. म्हणून पावसाळ्यात रंगकाम बंद. सकाळी लावणी, गवत काढणं, बांध दुरुस्ती, दुपारनंतर सुई. नवरात्रापासून फाल्गुनापर्यंत चूल पेटलेली असते आणि बागेकडे फक्त पाण्यापुरतं बघायचं. एप्रिल-मे मी कार्यशाळांना देते, कारण पैसा तिथून येतो.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: मातीत काम केलेले हात रेशमावर अडकतात. बोटांच्या भेगा, नखांच्या कडा, प्रत्येक ठिकाणी धागा ओढला जातो. तेल लावून शिवायला बसलं तर कापडाला डाग. मी लावणीच्या दिवसांत रेशीम कपाटातून काढतच नाही, जुनं सुती लुगडं आणि घोंगडीचे तुकडे घेते. ते खरखरीत हात चालवून घेतात. माझ्या गोधड्यांत पावसाळ्यातली कामं जाड, सुती आणि लोकरीची, थंडीतली पातळ आणि रेशमी, अशी वाटणी त्यातूनच झालीये. लोक तिला माझी शैली समजतात, मी समजू देते.

टसर रेशमाची हौस असेल तर तो घरी पोसायच्या भानगडीत पडू नका. त्याचा किडा ऐन-अर्जुनाच्या पानांवर उघड्यावर वाढतो. गडचिरोलीत आरमोरीकडे, भंडाऱ्याकडे ढिवर कुटुंबं जंगलात राखण करून कोसा काढतात, पाखरांपासून, मुंग्यांपासून किडे जपत. त्या सुताची करवत काठी साडी तुम्हाला माहीत असेलच. तिकडचं सूत विकत घ्या. ऐन मात्र जागा असेल तर लावा. त्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल रोज बघायला मिळणं हाही फायदाच.

भोरच्या जागेत काय लावायचं? आधी कुंपण आणि जाळपट्टा. तुमच्याकडे फेब्रुवारीपासून वणवे लागतात. हद्दीवरचं गवत दिवाळीनंतर कापून पट्टा मोकळा केला नाही तर पुढचं सगळं बोलणं फुकट. कुंपणाला निर्गुडी लावा, गुरं तोंड लावत नाहीत. तिच्या जोडीला करवंद, मुरुडशेंग, धायटी. मुरुडशेंगेच्या सालीचे दोर वळतात. गावात अजून वळणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर लगेच शिकून घ्या, ते कुठल्याही डिझाईनच्या कोर्सात मिळणार नाही. आपोआप आलेली रुई काढू नका, तिच्यावर प्लेन टायगर फुलपाखरं अंडी घालतात. मधल्या जागेत पळस, बारतोंडी, आपटा. पळसपापडी मे-जूनमध्ये ताजी गोळा करून थेट जागेवर टोचा, पिशवीत वाढवलेल्या पळसाचं सोटमूळ वळतं. बाकीची रोपं वन विभागाच्या रोपवाटिकेत जूनमध्ये स्वस्तात मिळतात.

कुंकूफळाबद्दल, म्हणजेच शेंदरीबद्दल, जरा जपून. रोपवाटिकेत शेंदरी मागितलीत की बहुधा काटेरी लाल बोंडांचं अमेरिकी झाड हातात देतात. तुम्हाला हवंय ते सह्याद्रीतलं, ज्याच्या छोट्या फळांवर विटकरी भुकटी असते. तिच्यात रेशीम सुरेख नारिंगी रंगतं, फक्त भुकटी साध्या पाण्यात विरघळत नाही, सोडा घालावा लागतो. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळ फक्त मादीला. लहान रोपात ओळखू येत नाही, म्हणून चार-पाच लावा.

नोकरी आत्ता सोडू नका. बाग पैसे देत नाही, उलट पहिली काही वर्षं मागते: कुंपण, पाणी, राखणदार. माझं घर कार्यशाळा आणि मागणीनुसार केलेल्या गोधड्यांवर चालतं, त्यातही दिवाळीनंतरचे तीन महिने तेजी आणि मग शुकशुकाट. तुम्ही शनिवार-रविवार भोरला जा, पहिला पावसाळा काहीही न लावता तिथे आपोआप काय उगवतं ते बघा, प्रत्येकाचा फोटो आणि एक पान वहीत दाबून ठेवा. काय ठेवायचं आणि काय लावायचं हे त्या वहीवरून ठरवा. रानमारी आणि घाणेरी, ही झपाट्यानं पसरणारी परदेशी झुडपं, दिसली तर मात्र फोटोची वाट बघू नका, बी धरायच्या आत उपटा.