नव्या घरातले गरम पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (नाशिक) : आमच्या बंगल्याचे काम सुरू आहे. भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) आहेत, छतावर उष्णतारोधक थर येणार आहे आणि तीन किलोवॅटचे सौर वीज पॅनेल बसवायचे ठरले आहे. पाच माणसांसाठी सोलर बंब घ्यावा, हीट पंप घ्यावा, की तिन्ही बाथरूममध्ये गिझर लावावेत?

उत्तर : यंत्र कोणते घ्यायचे हे ठरवण्याआधी गरज किती आहे आणि पाणी कोणत्या वाटेने नळापर्यंत जाणार आहे, हे ठरवावे. वीस लिटरची बादली 20 अंशांवरून 42 अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धे युनिट वीज लागते, म्हणजे पाच जणांनी बादलीने आंघोळ केली तर रोजची गरज अडीच युनिटांची आहे. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहणाऱ्यांच्या घरात ती सहज दुप्पट-तिप्पट होते. हे गणित आपल्या घरातल्या सवयींप्रमाणे मांडल्याशिवाय 300 लिटरची टाकी घेऊ नये.

दुसरा मुद्दा नळाचा. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपमध्ये मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावते. टाकी गच्चीच्या एका टोकाला आणि स्वयंपाकघर वीस मीटर अंतरावर असेल, तर हात धुण्यापुरते गरम पाणी मिळवण्यासाठी आधी पाच लिटर थंड पाणी सोडावे लागते आणि वापर झाल्यावर तेवढेच गरम पाणी पाइपात निवत पडते. यंत्राची कार्यक्षमता कितीही असली तरी हा तोटा रोज होत राहतो. म्हणून नकाशावरच बाथरूम एकाखाली एक घ्याव्यात, टाकी त्यांच्या बरोबर वर ठेवावी आणि भिंतीत जाणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवर उष्णता अडवणारी नायट्राइल रबराची नळी प्लास्टरच्या आधी चढवून घ्यावी. एकदा फरशी आणि टाइल बसल्या की हे काम होत नाही, आणि प्लंबर ते आपणहून क्वचितच सुचवतो.

आता निवड. सौर वीज पॅनेल येणारच असतील तर मी आपल्याला 200 लिटरचा हीट पंप सुचवीन. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे साध्या गिझरला लागणाऱ्या विजेच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम भागते. टायमर लावून तो सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत चालवला, की छतावरची वीज तिथेच वापरली जाते. तो मोकळ्या हवेत ठेवावा; बंद कपाटात ठेवल्यास स्वतःच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसतो. पॅनेल नसते तर मात्र सोलर बंबच घ्या असे म्हटले असते, कारण तो स्वस्त आहे आणि त्यात बिघडण्यासारखे भाग फार थोडे असतात. पाहुण्यांच्या बाथरूमला लहान गिझर आणि स्वयंपाकघराला तीन लिटरचा इन्स्टंट गिझर वेगळा लावावा. तिथपर्यंत मुख्य टाकीचा पाइप नेऊच नये. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान सौर विजेसाठी आहे, सोलर बंबासाठी नाही, याची खर्च मांडताना गल्लत होऊ देऊ नये.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण) बराच जास्त दाखवतो. सोलर बंबाच्या कोणत्या प्रकाराला हे पाणी चालेल?

उत्तर : टीडीएसवरून क्षार किती साचेल हे कळत नाही. प्रयोगशाळेतून पाण्याची एकूण कठीणता (कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) तपासून घ्यावी आणि त्यासोबत क्लोराइडचे प्रमाणही मागावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणतेची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सूट आहे, पण मराठवाड्यातल्या कित्येक बोअरचे पाणी पहिली मर्यादा सहज ओलांडते.

फ्लॅट प्लेट प्रकारात पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरते आणि त्या नळ्या क्षाराने बुजतात. काचेच्या निर्वात नळ्यांच्या प्रकारात नळी रुंद असते, क्षार तळाशी बसतो आणि नळी काढून धुता येते. त्यामुळे आपल्यासाठी हाच प्रकार योग्य आहे. क्लोराइड जास्त असल्यास साध्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीला जोडाजवळ बारीक छिद्रे पडू शकतात, म्हणून आतून काचेचा लेप दिलेली टाकी घ्यावी आणि तिच्यातली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा काढून पाहावी. ती झिजून तारेसारखी झाली असेल तर बदलावी; टाकीऐवजी गंजणे हेच तिचे काम असते. पाणी जितके जास्त तापते तितका क्षार अधिक साचतो, म्हणून विजेच्या बॅकअपचा थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारी कळ) 60 अंशांवरच ठेवावा, त्यापेक्षा वर नेऊ नये. मात्र कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढतात, त्यामुळे तो फार खालीही आणू नये.

प्रश्न (पुणे) : नव्या फ्लॅटमध्ये पाइप गॅस आहे. बाथरूममध्ये गॅस गिझर लावला तर वीज वाचेल का?

उत्तर : वीज वाचेल, पण बाथरूममध्ये तो लावू नये, आणि याला अपवाद नाही. बंद जागेत ज्वलनाला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि थंडीत खिडकी लावून आंघोळ करणारा माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. एक्झॉस्ट फॅन हा यावरचा उपाय नाही, उलट तो धूर खोलीत परत ओढू शकतो. गिझर उघड्या ड्राय बाल्कनीत लावता येत असेल आणि धुराडे थेट बाहेर जात असेल तरच विचार करावा. नाहीतर पाच स्टारचा 15 लिटरचा विजेचा गिझर बरा.

प्रश्न (दापोली) : गावी नवे घर बांधत आहोत. चार महिने पाऊस, वीज जाते-येते आणि वाडी नारळाची. वडिलांना अंगणातला तांब्याचा बंब काढायचा नाही. गरम पाण्याची सोय कशी करावी?

उत्तर : वडिलांचे म्हणणे मोडू नका. झावळ्या, करवंट्या आणि सोडणे घरचीच असताना बंब हे फुकटचे इंधन वापरणारे साधन आहे. फक्त तो पडवीत न ठेवता बाहेर पत्र्याच्या शेडखाली, धूर घरात येणार नाही अशा बाजूला ठेवावा.

रोजच्या वापरासाठी आपल्याकडे सोलर बंब मी सुचवणार नाही. जून ते सप्टेंबर त्याचे काम विजेच्या बॅकअपवरच चालते, माडांची सावली उरलेल्या महिन्यांतही ऊन अडवते, आणि वरून नारळ पडला तर काचेच्या नळ्यांचा निकाल लागतो. कोकणातल्या उबदार, दमट हवेत हीट पंप मात्र उत्तम चालतो. घरगुती हीट पंप सहसा एक किलोवॅटच्या आसपासच वीज ओढतो, त्यामुळे लहान जनरेटरवरही चालू शकतो, आणि चांगल्या आवरणाच्या टाकीत तापलेले पाणी वीज गेली तरी दुसऱ्या सकाळपर्यंत आंघोळीपुरते गरम राहते. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या गंजतात, म्हणून गंजरोधक लेप दिलेल्या पात्यांचेच मॉडेल घ्यावे, ते समुद्राकडच्या भिंतीला न लावता आडोशाला बसवावे आणि पावसाळा संपल्यावर पात्यांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारून मीठ धुवून काढावे. हीट पंप चालू असताना दमट हवेतली वाफ थंड पात्यांवर जमून ठिबकणारे पाणी अंगणात साचू न देता केळीच्या आळ्यात सोडता येईल.