पोतनीस आडनावाचा अर्थ काय आणि आपलं मूळ कसं शोधायचं?

पोतनीस हे हुद्द्यावरून आलेलं आडनाव आहे. ‘पोतं’ म्हणजे सरकारी खजिना आणि ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’चं, म्हणजे लिहिणाऱ्याचं, मराठी रूप. थोडक्यात, खजिन्यातल्या रोकडीचा हिशेब लिहिणारा. चिटणीस, फडणीस ही त्याच घडणीची आडनावं.

पण एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: हुद्दा अनेक घराण्यांकडे असायचा, त्यामुळे सगळे पोतनीस एकमेकांचे भाऊबंद नसतात. शिवाय हुद्दा मिळण्याआधी घराण्याचं दुसरंच आडनाव असू शकतं. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू होतं! म्हणून तुमचा खरा शोध त्या जुन्या आडनावाचा आहे.

सुरुवात घरातूनच करा. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, खरेदीखतं, मूळ गावच्या जमिनीचे फेरफार (मालकी बदलल्याच्या सरकारी नोंदी) काढा. कुलदैवत आणि गोत्र विचारून घ्या; जुळणारी घराणी ओळखायला त्याचा फार उपयोग होतो. त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावं पिढ्यानुपिढ्या नोंदलेली असतात, तिथे जरूर जा. जुने कागद मोडी लिपीत लिहिलेले निघतील. जाणकाराकडून वाचून घ्या, पण मूळ कागद हातचा सोडू नका, फोटो द्या.