'किम्स कन्व्हिनियन्स' बघू का? त्यात आशियाई आईबापांच्या इंग्रजीची टिंगल आहे म्हणतात, खरंय का?

बघा हो, बिनधास्त बघा. पाचव्या सीझनला तेवढं मन घट्ट करावं लागेल, त्याचं पुढे सांगतो.

आधी थोडक्यात, म्हणजे नवीन माणसाला कळेल. ही कॅनडातली विनोदी टीव्ही सिरीज. टोरोंटोच्या मॉस पार्क भागात एक कोरियन कुटुंब दुकान चालवतं, खाली दुकान वर घर. दूध, सिगरेट, चिप्स, लॉटरीची तिकिटं असला सगळा माल (बिअर नाही, तिथल्या असल्या दुकानांना बिअर विकायची परवानगी २०२४ ला मिळाली). नवरा आप्पा, बायको उम्मा (कोरियनमध्ये बाबा आणि आई), मुलगी जॅनेट आर्ट कॉलेजात फोटोग्राफी शिकते, आणि मुलगा जंग सोळाव्या वर्षीच घराबाहेर पडलेला, आता भाड्याने गाड्या देणाऱ्या ऑफिसात कामाला आहे. बापलेकाचं बोलणं बंद. आई गुपचूप त्याला भेटते, डबे पोचवते.

आता उच्चाराचं. आप्पाचं इंग्रजी तुटकंच आहे, आणि ते नटाचं स्वतःचं नाही. पॉल सुन-ह्युंग ली लहानपणापासून कॅनडात वाढलेला माणूस, मुलाखतीत ऐकलं तर ओळखू येणार नाही एवढं सरळ इंग्रजी बोलतो. त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण मला विचाराल तर फरक कॅमेऱ्याच्या जागेत आहे. 'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून सिरीजमधला भारतीय अपू आठवा, तोही दुकानदारच, पण त्याला आपण कायम गिऱ्हाइकाच्या बाजूने बघायचो, तो बोलला की हसायचं एवढंच काम, आणि आवाज द्यायला गोरा नट (त्याने २०२० ला ते सोडलं). इथे आपण गल्ल्याच्या आतल्या बाजूला उभे असतो. आप्पा काय बोलला त्यावर हसतो, कसं बोलला त्यावर नाही. आणि बऱ्याचदा हसू गिऱ्हाइकाचंच होतं.

पहिलाच एपिसोड घ्या. प्राइड परेडच्या दिवसांत दोन तरुण दुकानात येतात, आप्पा आवाज आणि ट्रॅफिकवरून कटकट करतो, ते म्हणतात तुम्ही समलैंगिकांच्या विरोधात आहात, तर हा बाबा अंगावर आलेलं झटकायला तिथल्या तिथे थाप मारतो की छे छे, माझ्याकडे तर गे लोकांना १५ टक्के डिस्काउंट आहे. झालं! आता बोर्ड लावल्यासारखी बातमी पसरते आणि कोण खरा गे कोण खोटा हे आप्पा नुसतं बघून ठरवायला लागतो, आणि ठरवतो तेही छातीठोकपणे. धंदेवाईक माणसाचं डोकं कसं चालतं ते त्यात बरोब्बर पकडलंय. माझ्या मामाचं किराणा दुकान होतं, सुट्टीत गल्ल्यावर बसलोय, त्यामुळे सांगतो, गिऱ्हाइकासमोर एकदा तोंडातून निघालेली स्कीम मागे घेता येत नाही, मग भले तोटा होवो.

दुसरा सीन माझा सगळ्यात आवडता. जॅनेट म्हणते इतकी वर्षं दुकानात फुकट राबले, पगार कुठाय? यावर आप्पा उलटा हिशोब मांडायला लागतो, जेवण, घरभाडं, शिक्षण, असं करत करत पोरीच्याच डोक्यावर उधारी. हसून हसून पोट दुखतं पण मधेच लक्षात येतं की दोघंही खरंच चिडलेत, आणि दोघांचंही बरोबर आहे. कोरियात मास्तरकी केलेला माणूस इथे येऊन दिवसभर नाणी मोजतोय आणि पोरगी म्हणते मला दुकान नको, हे कुठेच भाषण न देता कळतं. आमच्या मामीचं पण असंच, जेवताना एक कान दाराकडे, मुलांनी दुकानात बसावं असं तोंडाने कधी म्हणाली नाही पण बसले नाहीत तर रुसायची.

एवढा पक्का माल कुठून आला, तर इन्स चोई. त्याचं हे मुळात नाटक, २०११ ला टोरोंटोच्या फ्रिंज महोत्सवात केलेलं, आप्पाचं काम करणारा ली आणि उम्माचं करणारी जीन यून तिथूनच सिरीजमध्ये आले, भूमिका अंगात मुरलेल्या होत्या ते दिसतंच. शिवाय आप्पाचा दोस्त मिस्टर मेहता आहे, त्या दोघांची एकमेकांवर कुरघोडी करायची खोड बघाच.

एक गोष्ट मात्र खटकते. नवराबायको दोघंच असताना पण मोडक्या इंग्रजीत बोलतात, मधे एखादा कोरियन शब्द. अहो कोण बोलतं असं घरात? प्रेक्षकाला सबटायटल वाचायला लागू नयेत म्हणून केलेली सोय आहे ती, टिंगलीचा आरोप करायचाच तर इथे करा, मी भांडणार नाही.

आणि पाचवा सीझन. २०१६ ला सीबीसी या कॅनडाच्या सरकारी वाहिनीवर सुरू झालेली सिरीज २०२१ ला ६५ एपिसोडवर एकदम थांबली, सहावा सीझन मंजूर असूनही, कारण लिहिणारे मुख्य दोघं बाहेर पडले. नंतर जंगचं काम करणाऱ्या सिमू लिऊने (हो, मार्व्हलचा शांग-ची तोच) फेसबुकवर लिहिलं की लेखकांच्या टीममध्ये कोरियन आवाज पुरेसे नव्हते आणि मानधनही कमीच होतं. शेवटच्या सीझनमध्ये उम्माच्या आजाराचा धागा काढलाय तो नीट न बांधता तसाच लोंबकळतो, बापलेकाचं पण म्हणावं तसं होत नाही. त्यामुळे शेवट मिळेल या आशेने बघू नका. एपिसोड वीसबावीस मिनिटांचे आहेत, जेवताना एक लावा. नंतर जंगची बॉस शॅनन हिच्यावर 'स्ट्रेज' म्हणून वेगळी सिरीज काढली, ती मी अर्ध्यात सोडली, दुकानच नाही त्यात.