"आमचा मोती चावायचा नाही हो!"

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात राहतो, मुलगा 5 वर्षांचा आहे. खाली शेजाऱ्यांचं मोती म्हणून कुत्रं आहे, एकदम गरीब, पोरगा दिवसभर त्याच्या गळ्यात. परवा मोती भाकरी खात होता आणि ह्याने मधेच हात घातला तर ते गुरगुरलं. काकू म्हणतात, "चावायचा नाही हो तो." मला मात्र धास्ती बसलीय. काय करू?

उत्तर: ताई, तुमची धास्ती बरोबर आहे. लहान पोरांना बऱ्याचदा ओळखीचंच कुत्रं चावतं, घरातलं नाहीतर शेजारचं, आणि एवढ्या पोराचं तोंड कुत्र्याच्या जवळच येतं म्हणून चावा गालावर, ओठावर, मानेवर बसतो. पण गुरगुरला म्हणून मोतीला मारू नका हं, तो बाजूला हो म्हणून सांगत होता, मार खाऊन ते बंद झालं तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल.

खरं तर त्याच्या आधीपासून तो सांगत असतो. मान फिरवतो, अंग ताठ करतो, समोर खायला काही नसताना जीभ ओठावरून फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो आणि आपण तेव्हा मिठीचा फोटो काढत असतो! पोराला घेऊन लांब बसा आणि विचारा, "बघ की, मोती काय म्हणतोय?" पोरं पटकन शिकतात. खाताना, झोपेत, पिल्लांजवळ हात लावायचा नाही, मिठी तर नाहीच. आणि दोघांना एकटं सोडू नका, आतून भाकऱ्या थापत हाक मारली तर ते लक्ष ठेवणं होत नाही, हाताच्या अंतरावर बसायला लागतं.

रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं गप उभं राहायचं, पडलाच तर गुडघे पोटाशी घेऊन मान-कान हातांनी झाकायचे. हे घरात खेळून सवय करा.

चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद, चुना, तिखट काही नको, आणि त्याच दिवशी सिव्हिलला न्या, नखाचा ओरखडा असला तरी. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शन पण देतात. सगळे डोस पूर्ण करा, कारण रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही जवळपास.

पोरं मार बसेल म्हणून लपवतात, म्हणून आजच त्याला जवळ घेऊन सांगा, "कुत्रं चावलं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही." आणि काकूंकडे मोतीचं लसीचं कार्ड मागा, लाजू नका.