अलाइनमेंट करूनही पुढचा डावा टायर आतून का झिजतो?

तुम्ही लिहिलंय की रोज राधानगरी-कोल्हापूर येणं-जाणं आहे, छोटी हॅचबॅक आहे, पुढचा डावा टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालाय. दोनदा अलाइनमेंट केलं, मशीनवर सगळं हिरवं दिसतंय आणि दुकानदार म्हणतो टायर बदला. तारा दिसायला लागल्या असतील तर आजच स्टेपनी लावा, पण नवा टायर एवढ्यात घेऊ नका. मूळ दोष तसाच राहिला तर तोही असाच जाईल.

अलाइनमेंटचं मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. लोअर आर्मचं (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) मागचं बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, फाटलेलं असलं तरी उभ्या गाडीत चाक जागेवर बसलेलं असतं. ब्रेक दाबला किंवा खड्ड्यात आदळलं की तेच चाक मागे सरकतं आणि टो बदलतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळतं. म्हणून रिपोर्ट चांगला आणि टायर मात्र खाल्लेला. आता डावाच का? उसाचा हंगाम सुरू झाला की समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो, आपण साइडपट्टीवर उतरतो आणि डांबराची कड चढून परत वर येतो. तो मार दर वेळी डाव्या चाकालाच बसतो.

आधी टायर हाताने बघा. तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर टो बिघडलाय. खरखर नाही, नुसती आतली कड उतरलीय, तर कॅम्बरचा, म्हणजे समोरून बघताना चाक आत किंवा बाहेर कललेलं असण्याचा, संशय घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर सेट करायची सोयच नसते, त्यामुळे तो बिघडलाय याचा अर्थ काहीतरी वाकलंय किंवा ढिलं झालंय. गोलाईवर थोड्या थोड्या अंतराने खळगे असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघा.

मग सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला दगड लावून पुढचं चाक जॅकवर उचला. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. खट-खट लागलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅकच्या आतला जॉइंट. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) किंवा बेरिंग. तेव्हा कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बुश मात्र हाताने कळत नाही, तिथे मेकॅनिकला टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म पुढे-मागे करायला सांगा. रबराची चीर तेव्हाच उघडते.

खड्ड्यात कट-कट आवाज येतो म्हणून बरेच जण आधी लिंक रॉड (वळणावर गाडी झुकू नये म्हणून असलेल्या बारची जोडदांडी) बदलतात. आवाज जातो, पण टायर आतून झिजण्याशी त्याचा सहसा संबंध नसतो.

बुश बदलायचं ठरलं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेसवर बसवून मिळेल. एक गोष्ट मात्र उभं राहून करून घ्या. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवं बुशही लवकर फाटतं. घाईत हे सर्रास राहून जातं. अलाइनमेंट त्यानंतरच, आणि टायर सगळ्यात शेवटी.

बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर मात्र थांबू नका, तो बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

अलाइनमेंटचा कागद असेल तर दोन्ही बाजूंच्या कॅम्बरचे आकडे इथे टाका. त्यात अर्ध्या-पाऊण अंशापेक्षा जास्त फरक असेल तर बुशबरोबर स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा उभा खांब) आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) हेही तपासायला लागेल.