वृद्धाश्रमात जाण्याआधी आईची मानसिक तपासणी कशाला?

"वृद्धाश्रमवाले मानसिक तपासणीचा रिपोर्ट मागतायत, मॅडम. आईवर वेडाचा शिक्का तर बसणार नाही ना?" हा प्रश्न हल्ली इतक्यांदा कानावर येतो की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

एक मुलगा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन आला. वडील गेल्यापासून आई गप्प, जेवण तुटलेलं, गॅस चालूच राहतो. त्याच्या मते हा डिमेन्शियाच, म्हणजे स्मृतिभ्रंश. मी आजींना एकटीला भेटले. मुलगा शेजारी असला की "मला काही झालं नाही" यापुढे गाडी सरकत नाही.

आधी स्मृतीची चाचणी. आजची तारीख त्यांना सांगता आली नाही. "पण काल संकष्टी झाली. चंद्रोदय उशिरा होता, तोवर जागीच होते." उत्तरांपुढे नुसत्या बरोबर-चूक अशा खुणा करणाऱ्याने इथे शून्य दिला असता, पण दिवसाचं भान आजींना होतं.

मग नैराश्याची पंधरा प्रश्नांची प्रश्नावली. बाहेर पडण्यापेक्षा घरी बसावंसं वाटतं का, या प्रश्नावर आजी थांबल्या.

"घरी म्हणजे कुठं गं? वाईचं विकलं. हे सुनेचं. आता तिसरीकडे जायचंय, ते फोनवरचं बोलणं ऐकून कळलं."

"ऐकून मनात काय आलं?"

"मी ओझं झालेय."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने, समुपदेशन करते. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त पोखरतो, असं मी मानते. नवऱ्याच्या जाण्याचं दुःख आजी पेलत होत्या. खचल्या होत्या त्या या 'ओझं' शब्दाने. पुढच्या भेटींत आम्ही त्यावरच बोललो. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं, रक्तात बी-१२ कमी निघालं. उपचारांनी काही महिन्यांत विसरभोळेपणा बराच ओसरला. आजींनी मुलाने पसंत केलेला आश्रम नाकारला आणि देवळाजवळचा स्वतः बघून निवडला. त्या निवडीचा मला आजही आनंद आहे.

उतारवयात नैराश्य पुष्कळदा विसरभोळेपणाच्या रूपात येतं. थायरॉइड, बी-१२, कमी ऐकू येणं यांनीही स्मृती गेल्यासारखी वाटते. यातलं बरंच उपचारांनी सुधारतं, म्हणून तपासणी हवी. प्रश्नावलीतून फक्त शंका कळते, निदान डॉक्टरांचं. शिक्क्याची भीती असेल तर लक्षात ठेवा, २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आश्रमाला काळजीपुरती माहिती द्या, तीही आईला विचारून. मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर प्रश्नावलीत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर गाठा. लघवीच्या संसर्गानेही असं होतं. जवळपास कुणी तज्ज्ञ नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.