‘पापाची फसवणूक’: षष्ठी कोणाची?

बायबलच्या नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (3:13) ‘पापाच्या फसवणुकीने तुमच्यातील कोणी कठीण होऊ नये’ असे वचन आहे. त्यात फसते ते पाप की माणूस, आणि ‘पापाचा मोह’ म्हटले तर चालेल का, असे वेंगुर्ल्याच्या एका वाचकांनी विचारले आहे.

शंका रास्त आहे, कारण ‘ठेवीदारांची फसवणूक’ असे आपण लिहितो तेव्हा षष्ठीतली माणसे फसलेली असतात आणि त्याच सवयीने वाचले तर येथे पापच फसले असे वाटते. प्रस्तुत वचनातली षष्ठी मात्र कर्त्याची आहे. रोमकरांस पत्रात (7:11) पापाने मला फसवले, असे प्रेषित पौल सरळ क्रियापद योजूनच सांगतो.

‘मोह’ या शब्दाला आधार आहे. येथे जो ‘अपाते’ हा ग्रीक शब्द आहे, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानात (13:22) धनाविषयी आला असून तेथे मराठीत ‘द्रव्याचा मोह’ असे भाषांतर रूढ आहे. तरीही तो मला अपुरा वाटतो. मधुमेह असूनही हापूसचा मोह आवरला नाही, असे आपण हसत सांगतो, इतका हा शब्द आता निरुपद्रवी झाला आहे. त्यात ओढ उरली, कपट गेले.

याकोबाच्या पत्रात (1:14) माणूस वासनेने ओढला व भुलवला जातो असे म्हटले आहे, आणि तेथील ग्रीक क्रियापद आमिष या अर्थाच्या नामापासून आलेले आहे. खाडीवर गरवायला जाणाऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही: गरीला (गळाला) लावलेले सुंगट (कोळंबी) खरे असते, माशाची भूकही खरी असते, लपलेली असते ती केवळ गरी. इब्री लोकांस पत्रातही (11:25) पापाचे सुख नाकारलेले नाही, ते क्षणिक आहे एवढेच म्हटले आहे. म्हणूनच पाप दिसताक्षणी किळसवाणे वाटते असे सांगणारे उपदेशक (त्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य) या वचनाला न्याय देत नाहीत. तसे असते तर त्याला कोणाला फसवण्याची गरजच पडली नसती.

‘पापाची भुरळ’ म्हटल्यास षष्ठीचा घोळ मिटतो आणि ओढही व्यक्त होते. परंतु भुरळ उतरते, तर वचनात सांगितलेले कठीण होणे हळूहळू मुरत जाते. तेव्हा वाचनात ‘फसवणूक’ हाच शब्द ठेवावा, आणि विवरण करताना ‘पापाने भुरळ घालून केलेली फसवणूक’ असे लांबण पत्करून लिहावे.